‘दुसरा प्रहर’च्या नोंदी, फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२५

३ फेब्रुवारी
आजपासून परफ्यूमची वही सुरू. आधीची दोन वर्षं कागदाच्या कपट्यांवर लिहून घालवली, मग कुठल्या ट्रायलमध्ये काय टाकलं होतं तेच सापडायचं नाही. आता एकच वही, एकच काटा (०.००१ ग्रॅमचा), आणि प्रत्येक ट्रायलला नंबर. गुलछडीचा (निशिगंधाचा) म्हणून गु.

काय करायचंय ते आधी लिहून ठेवते. बायकांसाठी फुलांचा परफ्यूम, ओ द परफ्यूम ताकदीचा, म्हणजे अल्कोहोलमध्ये १८ टक्के अर्क. मधोमध निशिगंध, बाजूला मोगरा आणि गुलाब. महाग असणार आहे, ३० मिलीची बाटली, आणि महाग का ते वासातूनच कळायला हवं, खोक्यावरून नाही. तो लावणारी बाई कोण असेल याचं वर्णन परफ्यूमच्या कोर्सच्या सरांनी लिहायला लावलं होतं, मी लिहिलं ‘रेशमी साडी, संध्याकाळ, लग्नाचा हॉल’. आत्ता वाचताना ते एखाद्या जाहिरातीतून उचलल्यासारखं वाटतंय पण सध्या तरी तेच आहे.

१४ फेब्रुवारी
मुद्दाम आज जानोरीला गेले, पॉलिहाऊसवाल्या ओळखीच्या दादांकडे. आजच्या दिवसासाठीचा माल कधीच निघून गेला होता, उरलेल्या गुलाबांत फिरले. लाल, गुलाबी, पिवळा, हाताएवढे लांब दांडे, आणि वास जवळजवळ शून्य. नाक पाकळ्यांत खुपसलं तर ओल्या पानाचा वास येतो, बस. दादा म्हणाले, ‘ताई, हे दहा दिवस टिकायला बनवलेत, वासाला नाही.’ खरंय, फूल टिकावं, दांडा सरळ यावा, पेटीत दबू नये म्हणून पिढ्यानपिढ्या निवड करत गेले आणि वास मागे सुटला. गुलाबात वास तयार करायला एक एन्झाइम लागतं आणि बिनवासाच्या जातींत त्याचं काम थंडावलेलं असतं, हे फ्रेंच संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलंय.

मोगलांच्या काळात आमच्या नाशिकला गुलशनाबाद म्हणायचे, फुलांचं गाव. येताना गाडीवर सगळा वेळ तेच डोक्यात होतं, इतके गुलाब पिकतात आणि माझ्या बाटलीत टाकायला एकही नाही. गुलाबाचं ॲब्सोल्यूट (फुलांतून द्रावकाने काढलेला घट्ट अर्क) बाहेरूनच मागवावं लागणार. डमास्क गुलाबाचं १ किलो तेल काढायला साधारण ३ ते ४ टन पाकळ्या लागतात, त्यामुळे ते ग्रॅमवर मिळतं आणि थेंबावर वापरायचं.

२ मार्च
गु-१ ते गु-३. तिन्ही साबण.

गु-१ च्या अर्कात हेडिओन २५ टक्के घेतलं, त्याच्याशिवाय आजकाल फुलांचा परफ्यूम कुणी करतच नाही. हेडिओन म्हणजे चमेलीत अगदी किंचित असणाऱ्या रेणूचा भाऊबंद, १९६६ च्या ‘ओ सोवाज’मध्ये एडमाँ रुदनित्स्कांनी पहिल्यांदा वापरलं आणि तिथून पुढे फुलांच्या परफ्यूमना हवा मिळाली, खिडकी उघडल्यासारखी. त्यावर बेंझिल सॅलिसिलेट, फिनाइल इथाइल अल्कोहोल (गुलाबपाण्यात मुख्यतः हेच असतं, पाण्यात विरघळतं म्हणून तेलाऐवजी पाण्यात जातं), वरून गुलछडीचं ॲब्सोल्यूट १.५ टक्का.

ब्लॉटरवर (वास बघायच्या कागदाच्या तुकड्यावर) पहिली पाच मिनिटं छान, नंतर पांढरा साबण, धुतलेला टॉवेल. आई (सासूबाई) म्हणाल्या, ‘छान आहे गं, स्वच्छ आहे.’ त्यांच्या दृष्टीने कौतुकच ते, पण मला त्या ‘स्वच्छ’ शब्दाने टोचलं.

१९ मार्च
रंगपंचमी. काम नाही. तिवंध्याला रहाड, म्हणजे जमिनीतला रंगाचा हौद, बघायला गेलो होतो, बहिणीच्या मुलाने तिच्यात दणकून उडी मारली. पाना-फुलांचा उकळलेला रंग, त्यातला ओला, तुरट, भाजीसारखा वास अजून केसात आहे. नोंद एवढ्यासाठी की हा फुलांचाच वास आहे आणि अजिबात गोड नाही.

२ एप्रिल
दोन गोष्टी.

एक, पाडव्याच्या खरेदीत दवणा मिळाला, मूठभर जुडी. चैत्रात देवाला वाहतो तोच. दवण्याचं तेल परदेशातले परफ्यूमर वापरतात आणि ते आपल्याकडून, दक्षिणेतून जातं, हे मला कोर्सला जाईपर्यंत माहीत नव्हतं, आमच्या घरी तो फक्त देवाचा. सुकवलेल्या जर्दाळूसारखा, थोडा दारूसारखा, मागे कडवट हिरवा. असं म्हणतात की प्रत्येकीच्या अंगावर तो वेगळा उमटतो. लावून बघितला, माझ्या मनगटावर जर्दाळू आणि बहिणीच्या मनगटावर जवळजवळ चहा. गु-५ मध्ये ०.३ टक्का टाकला, गोडवा जरा वाकडा झाला, चांगल्या अर्थाने.

दोन, मनस्ताप. गुलछडी ॲब्सोल्यूटची दुसरी बाटली (१० ग्रॅम) एका पुरवठादाराकडून घेतली, आधीच्याहून स्वस्त. उघडल्या उघडल्या शंका आली. दोन्हींचे ब्लॉटर शेजारी शेजारी ठेवले, सहा तासांनी जुन्याचा अजून लोणी आणि मध असा येतोय आणि नव्याचा ब्लॉटर जवळजवळ कोरा कागद, जे उरलंय ते फक्त बेंझिल बेंझोएटचं (पातळ करायला वापरतात ते) पुसट गोडसर. म्हणजे पातळ केलेलं. फोन केला तर म्हणे ‘नॅचरल आहे मॅडम, बॅच टू बॅच फरक येतो’. बॅचचा फरक मला कळतो, हा तो नाही. इथून पुढे नमुना न घेता काहीही विकत घ्यायचं नाही. १० ग्रॅमचे पैसे गेले, आणि ते थोडे नव्हते.

१७ एप्रिल
ऊन. दुपारी नाक चालतच नाही. आता पहाटे साडेपाच ते आठ एवढंच हुंगायचं काम, चहाच्या आधी. दिवसभर वजनं आणि हिशेब.

३ मे
लिलिअल काढून टाकलं. कोर्सच्या वेळची जुनी बाटली होती, लिली ऑफ द व्हॅलीसारखा वास, सवयीने टाकत होते. युरोपात १ मार्च २०२२ पासून ते कॉस्मेटिक्समध्ये बंदच आहे, आणि मी जे रोज मानेवर लावा म्हणून विकणार त्यात तसलं काही नको. बाटली बाजूला काढून वर लाल पट्टी चिकटवली. गु-८ परत पहिल्यापासून.

१० मे
सरांशी व्हिडिओ कॉल. मी म्हटलं, सर, महाग वाटत नाहीये. ते म्हणाले, महाग म्हणजे काय ते आधी ठरव. मग जाँ पातूच्या ‘जॉय’वर बोललो. १९२९ च्या मंदीनंतर तो बाजारात आला आणि त्यांची जाहिरातच अशी की एका औंसाला १०,६०० चमेलीची फुलं आणि २८ डझन गुलाब. म्हणजे श्रीमंती फुलं मोजून. दुसरीकडे १९२१ चा शनेल नंबर ५, तिथे अर्न्स्ट बोंनी आल्डिहाइड्स या कृत्रिम सुगंधी रसायनांचा असा मारा केला की फुलं कुठली ते सांगताच येत नाही, श्रीमंती त्या न ओळखू येण्यात. आणि तिसरा मला सगळ्यात जवळचा, १९४८ चा ‘फ्रॅका’, जेरमेन सेलिए या बाईंनी केलेला, निशिगंधाचा. त्या काळात परफ्यूमर म्हणून काम करणारी बाई म्हणजे बोटावर मोजण्यासारखी, आणि तिने निशिगंध असा मांडला की खोलीत शिरला की बाकीचं बोलणं थांबावं.

सर शेवटी एवढंच म्हणाले, ‘तू जिवंत फूल शेवटचं कधी हुंगलंस? बाटलीतलं नाही.’ मला उत्तर देता आलं नाही.

२४ मे, रात्र
मखमलाबादच्या बाजूला बहिणीच्या सासरचं शेत, अर्ध्या एकरात गुलछडी. पाऊस यंदा मे मध्येच सुरू झालाय, जमीन ओली, चपला चिखलात. वहिनींनी खाट टाकून दिली, टॉर्च आणि वही घेऊन बसले. तासातासाला तीच पाच झाडं, तीच फुलं.

संध्याकाळी ७. कळ्या अर्ध्या उघड्या. वास जवळजवळ काकडीच्या सालीचा, हिरवा, पाणीदार. गोड अजिबात नाही.

८.३०. बदलायला लागला. नारळाचं दूध, ताजं लोणी. दोन हातांवरून कळतो, जवळ जावं लागत नाही.

१०.४५. हा. हा तो. लोणी आहे, नारळ आहे, पण त्यांच्या वर चक्क बाम. पाठ दुखली की चोळतो तो बाम, गार, थोडा झोंबणारा. आणि खाली कुठेतरी डांबराच्या गोळ्या, ट्रंकेतल्या साड्यांत ठेवतो त्या. हे वाचून कुणाला वाटेल फूल खराब झालंय, पण उलट, या दोन गोष्टी आल्या आणि फूल एकदम उभं राहिलं, जसं कुणी अंधारात शेजारी येऊन उभं राहिलं की न बघता कळतं. मी दहा मिनिटं काहीच लिहिलं नाही.

बामाचा वास म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट, डांबराच्या गोळीसारखा तो इंडोल. दोन्ही मला पाठ आहेत. कोर्सच्या परीक्षेत लिहिलेत. आणि गेल्या आठ ट्रायल्समध्ये मी ॲब्सोल्यूटमधून हेच दोन झाकत बसले होते, वर हेडिओन, वर बेंझिल सॅलिसिलेट, वर गुलाब, की कुणाला नको ते जाणवू नये. म्हणून साबण.

रात्री २. जड. डोकं दुखतंय. डांबर गोळी पुढे आलीय, बाम मागे गेलाय. या वासाचा परफ्यूम कुणी लिफ्टमध्ये लावून आलं तर मी जिन्याने जाईन.

पहाटे ४.३०. दव. आदल्या रात्रीच्या वेणीचा वास, उशीला लागलेला. वहिनी तोडायला उठल्याच होत्या, टोपली कमरेला लावून त्या सराईतपणे पुढे जातात आणि त्यांच्या बोटांना देठाचा चीक लागतो, तो हात त्यांनी माझ्यासमोर धरला, ‘हे पण हुंगा.’ हिरवं, कडू, मातीसकट.

नाव ठरलं. दुसरा प्रहर. रात्री ९ ते १२ मधलं फूल.

३१ मे
आंफ्लराज, म्हणजे चरबीत वास उतरवायची जुनी पद्धत, करून बघतेय, विकण्यासाठी नाही, तुलनेसाठी. काचेच्या चौकटीवर बिनवासाच्या चरबीचा थर, त्यावर गुलछडीची सुट्टी फुलं पालथी मांडायची, २४ तासांनी ती काढून ताजी. फ्रान्समधल्या ग्रास या परफ्यूमच्या गावात निशिगंध आणि चमेलीसाठी ही पद्धत वापरायचे कारण ही दोन्ही फुलं तोडल्यावरही वास सोडत राहतात, गुलाबासारखी तोडल्यावर गप्प होत नाहीत. हेक्झेनने काढलेल्या ॲब्सोल्यूटमध्ये ती वरची गार झुळूक बरीचशी हरवते, मध आणि मेण उरतं. चरबीत ती उतरते का बघायचंय. रोज पाऊण किलो फुलं, गणेशवाडीच्या फुलबाजारातल्या मावशींकडून. घरात सगळीकडे वास, मुलगा म्हणतो आपल्याकडे रोज कुणाचं तरी लग्न आहे.

१४ जून
चौदा दिवसांनी चरबी अल्कोहोलने धुतली, थंड करून गाळली. उतरलंय. सगळं नाही, पण १०.४५ चं निम्मं तरी आहे. ही माझी पट्टी आता, प्रत्येक ट्रायल हिच्याशेजारी ठेवून बघायची.

गु-११: हेडिओन २५ वरून १८ वर आणलं. गुलछडी ॲब्सोल्यूट २ टक्के. मोगऱ्याचं १ टक्का (मदुराईकडचं, आपल्या वेणीतल्या मोगऱ्याचीच जात). मिथाइल सॅलिसिलेट बाहेरून ०.१५, इंडोल ०.०८. लिहिताना हात थरथरला, इतके दिवस झाकलेलं आज स्वतःच्या हाताने टाकत होते. नारळाकडे झुकणारी लॅक्टोन अगदी कमी, नाहीतर खोबऱ्याची बर्फी होते. बेसला चंदन आणि कस्तुरभेंडीच्या बियांचा अर्क, प्राण्याशिवाय मिळणारी कस्तुरी, अंगाच्या उबेसारखी.

ब्लॉटरवर लावलं आणि आईंना दिलं. त्यांनी बराच वेळ धरला. म्हणाल्या, ‘हे माझ्या लग्नात होतं.’ मग म्हणाल्या, ‘बाबा गेले तेव्हाही होतं.’ दोन्ही एकाच हाराचे वास, गुलछडी आपल्याकडे मांडवातही असते आणि तिरडीवरही. मला भीती वाटली की आता त्या नको म्हणतील. त्यांनी ब्लॉटर पोथीत ठेवून दिला.

१ जुलै
गु-११ चांगला आहे पण बंद खोलीतला आहे. जमीन नाही त्याला.

आज पहाटे पाऊस असतानाच गणेशवाडीला गेले. मावशी गोणपाट पाण्यात बुडवून, पिळून फुलांवर टाकतात, फूल तासाभरात सुकू नये म्हणून. त्यांनी ते उचललं आणि खालून जो वास आला तो लिहायला रस्त्यातच गाडी थांबवली, दुकानाच्या पत्र्याखाली उभी राहून. ओलं ताग, चिखल, कापलेले देठ, आणि या सगळ्यातून वर येणारी गुलछडी. गुलछडी अशी मी कधीच बाटलीत ऐकली नव्हती (परफ्यूमवाले वास ‘ऐकतात’, सरांची सवय लागलीय).

मावशींना विचारलं, तुम्हाला कुठला वास आवडतो फुलांमधला? म्हणाल्या, ‘मला आता फुलांचा येतच नाही पोरी, पाण्याचा येतो.’

घरी येऊन थेट गोणपाटावर काम. व्हायोलेटच्या पानांचं ॲब्सोल्यूट (फुलांचं नाही, पानांचं, काकडी आणि ओला दांडा), कापलेल्या गवतासाठी सिस-थ्री-हेक्झेनॉल, वाळा, आणि जिओस्मिन. जिओस्मिन म्हणजे पहिल्या पावसाच्या मातीतला वास, मातीतले जिवाणू बनवतात, आणि माणसाचं नाक त्याला इतकं तिखट की अब्जात एका भागाहूनही कमी असलं तरी कळतं. या पावसाच्या वासाला पेट्रिकोर हे नाव १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बेअर आणि थॉमस यांनी दिलं, पण आपल्या कनौजला मातीचं अत्तर त्याच्या कितीतरी आधीपासून डेगमध्ये (तांब्याच्या हंड्यात) निघतंय, भाजलेल्या मातीची वाफ चंदनाच्या तेलात. ०.०१ टक्क्याच्या द्रावणाचे चार थेंब टाकले आणि अख्खी ट्रायल बीटरूट झाली. फेकून दिली. दोन थेंब, तरी बीट. एक थेंब, आणि गोणपाट उचललं गेलं.

गु-१४. याच्यात जमीन आहे.

वहीचं पहिलं पान काढून रेशमी साडी, लग्नाचा हॉल सगळं खोडलं. त्या जागी लिहिलं: पहाटे कामाला उठलेली बाई, ओल्या हाताने केसात गजरा माळते. महाग अशासाठी की याच्यातलं काही धुतलेलं नाही.

१५ जुलै
सात जणींना दिला, आठवडाभर रोज लावायचा. एक नर्स, एक शाळेतल्या बाई, नणंद, तिची मैत्रीण, खालच्या मजल्यावरच्या काकू, बहीण, पार्लरवाली ताई. नर्सने दोन दिवसांत परत केला, ‘बाम माझ्या ड्युटीचा वास आहे गं, घरी आल्यावर नको.’ मान्य. काकूंना वरचा हिरवा भाग आवडला नाही पण तासाभरानंतर विचारत होत्या अजून आहे का बाटली. शाळेतल्या बाईंनी सांगितलं की पाचवीतली एक मुलगी त्यांच्या ओढणीजवळ येऊन म्हणाली पाऊस पडतोय का बाहेर. दवणा नणंदेच्या अंगावर जरा जास्तच दारूकडे जातो, ०.३ वरून ०.२.

टिकण्याबद्दल सगळ्या म्हणाल्या सहा-सात तास. पुरे. सकाळी लावलेलं रात्रीपर्यंत किंचाळत राहावं असं मला वाटत नाही.

२८ जुलै
५०० मिलीची बॅच दुधाळ झाली. माझीच चूक, अल्कोहोलचा झणका कमी करायला डिस्टिल्ड वॉटर ८ टक्के टाकलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं, ॲब्सोल्यूटमधलं मेण सगळं वर आलं. गाळलं, परत गढूळ. शेवटी पाणी ३ टक्क्यांवर आणून नव्याने केली, चार दिवस थंड, मग गाळणी. आता आरपार दिसतंय. अल्कोहोलही बदललं, आधीच्याला मागे मळीचा गुळमट वास होता, तो पातळ हिरव्या नोटमध्ये उघडा पडतो. परमिटचा कागद परत एकदा भरावा लागला, तीन चकरा.

६ ऑगस्ट
खिडकीतली बाटली दहा दिवसांत फिक्या पिवळ्याची चहासारखी झाली. इंडोल उजेडात लालसर होतं आणि बेसमध्ये मी किंचित व्हॅनिलिन ठेवलं होतं ते तपकिरी, दोघांनी मिळून रंग आणला. वासात फरक नाही, तासभर हुंगून खात्री केली. व्हॅनिलिन तरीही काढलं, कस्तुरभेंडी तेवढं काम करते. रंग मात्र थोडा येणारच, तो झाकायला डाय टाकणार नाही. बाटली गडद काचेची घ्यायची.

२१ ऑगस्ट
गणपती सहा दिवसांवर, गुलछडीचा भाव दुपटीच्या वर गेलाय, आंफ्लराजची चौकट धुऊन ठेवली, आता दिवाळीनंतरच.

गु-१७ पक्का. पाण्याऐवजी शेवटी अल्कोहोलच वाढवलं, अर्क १८ टक्केच. चार आठवडे मुरायला हवेत पण दहा बाटल्या आत्ता भरल्या, बघायला की पंप कसा बसतो. हाताच्या मशीनने क्रिंप केलं (पंपाची कॉलर बाटलीच्या मानेवर दाबून बसवली), तीन बाटल्या गळतायत, मानेशी बोट लावलं की ओलं. कॉलर बहुतेक पुरती दाबली जात नाहीये, उद्या मशीनची खालची चकती अर्धा मिलिमीटर चढवून बघते. दहाही बाटल्यांची वजनं करून आडव्या ठेवल्यात, सकाळी परत वजन.